संगणकाची पेटी : वारा आणि शोभा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मेजावरील संगणकानें आतां एखाद्या जुन्या कुटुंबीयाची जागा पटकावली आहे. मुलांचा अभ्यास, वडील मंडळींचे हिशेब, परदेशीं असलेल्या नातवंडांशीं बोलणें, दोन-तीन पिढ्यांच्या छायाचित्रांचा संग्रह, हें सारें त्या एका यंत्रावर चालतें. लॅपटॉप आले, मोबाइल आले. तरी अवजड कामाचें, मोठ्या पडद्याचें आणि साऱ्या घरानें मिळून वापरावयाचें यंत्र म्हणून त्याचें स्थान कित्येक घरांत अद्यापि टिकून आहे. परंतु या यंत्राचा खरोखर राबणारा भाग ज्या पेटींत कोंडलेला असतो, तिच्याकडे मात्र कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. लोक तिला 'सीपीयू' म्हणतात, दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतात. ती मेजाच्या खणांत ढकलली जाते, तिच्यावर भरतकामाचें आच्छादन पडतें, मागची बाजू भिंतीला टेंकते. आणि चैत्र-वैशाखांत ती घरघरूं लागली व काम मंदावलें, म्हणजे 'यंत्र जुनें झालें, आतां नवें घ्यावें' असा निकाल लागतो.

आमच्या मतें असले बरेचसे निकाल घाईचे असतात. यंत्रांत बहुधा अजून पुष्कळ दम असतो. त्याचा श्वास तेवढा कोंडलेला असतो. पेटीला योग्य ठिकाणीं वाट करून देऊन तिच्यांतून वारा खेळविणें, आणि तें करीत असतांनाच तिला दिवाणखान्यांत मानानें ठेवतां येईल असें रूप देणें, हा उद्योग जगांत पंचवीस-तीस वर्षें चालू आहे. त्यास 'केस मॉडिंग' असें नांव पडलें आहे. आपल्याकडे तो तरुणांचा चाळा किंवा रंगीत दिव्यांची हौस समजला जातो. परंतु त्यांत संसारी माणसानेंहि घेण्यासारखें बरेंच आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

उष्णतेचा हिशेब

प्रथम एक साधें तत्त्व लक्षांत घ्यावें. संगणक जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सारी अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, तेव्हां त्याच्या वीजपुरवठ्याची एकूण शक्ति ६३.५ वॅट होती. आज साध्या प्रोसेसरच्या अंगावर ६५ वॅटचा आंकडा असतो, भारी प्रोसेसर भर कामांत २५० वॅटपर्यंत जातात, आणि २०२२ सालीं निघालेल्या 'आरटीएक्स ४०९०' या ग्राफिक्स कार्डाला तर एकट्यालाच ४५० वॅट लागतात. घरगुती यंत्र इतकें खादाड नसतें. तरी भर कामांत २०० वॅट सहज घेतें. त्याचाच हिशेब करून पाहूं.

एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलोग्रॅम असतें, आणि ती एक अंश सेल्सियसनें तापविण्यास सुमारें १,२०० ज्यूल उष्णता लागते. २०० वॅटचा संगणक मिनिटास १२,००० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो. पेटींतील हवा खोलीतील हवेपेक्षां १० अंशांहून अधिक तापूं नये अशी इच्छा असेल, तर मिनिटास एक घनमीटर ताजी हवा पेटींतून गेली पाहिजे. मध्यम आकाराच्या पेटीचें पोट सुमारें ४० लिटरांचें धरलें, तर तींतील हवा दर मिनिटास २५ वेळां बदलली पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. पंख्याच्या वेष्टनावर त्याची क्षमता मिनिटास इतके घनफूट अशी छापलेली असते. एक घनमीटर म्हणजे ३५ घनफूट. आणि १२० मिलिमीटरच्या पंख्यावर ५०-६० हा आंकडा नेहमीं आढळतो. मग एक पंखा पुरावा, असें कोणासहि वाटेल. परंतु तो आंकडा मोकळ्या हवेंतला असतो. पुढें बंद पत्रा, मागें अर्धवट भोंकें पाडलेली जाळी आणि मध्यें तारांचा गुंता, एवढे अडथळे आले म्हणजे त्यांतील फार मोठा भाग वाटेंतच खर्ची पडतो.

आतां आपल्या उन्हाळ्याची गोष्ट घ्या. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारीं खोलीतहि ४० अंश असणें नवल नव्हे. समजा, आपल्या यंत्रांतील प्रोसेसर भोंवतालच्या हवेपेक्षां ४० अंश अधिक तापतो. पेटींत वारा खेळत असेल तर तेथील हवा ५० अंशांवर व प्रोसेसर ९० अंशांवर राहील. वारा कोंडून पेटींतील हवा ६५ अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर १०५ अंशांवर जावयास निघेल. परंतु इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. त्या सीमेवर येतांच प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं आपण होऊन गति कमी करतो. 'यंत्र सकाळीं बरें चालतें, दुपारीं रडतें' या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें असतें. शिवाय मदरबोर्डावर व वीजपुरवठ्याच्या डब्यांत जे छोटे दंडगोल कपॅसिटर असतात, त्यांच्याविषयीं तंत्रज्ञांचा एक ठोकताळा आहे: उष्णता १० अंशांनीं कमी ठेवली, तर त्यांचें आयुष्य अदमासें दुप्पट होतें. म्हणजे वाऱ्याची वाट केल्यानें आजची गति तर वाढतेच, पण यंत्राचीं वर्षेंहि वाढतात.

छंदाचा उगम

हा छंद निघाला तो काटकसरींतून, हें सांगितलें तर कित्येकांस आश्चर्य वाटेल. १९९८ सालीं इंटेलनें 'सेलेरॉन ३००ए' नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा नेमलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. परंतु मदरबोर्डाची गति ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली कीं त्यांतील पुष्कळ नमुने ४५० वर बिनतक्रार धांवत. महागड्या प्रोसेसरचें काम स्वस्तांत होऊं लागलें, पण उष्णता वाढली. मग हौशी मंडळींनीं पेटीच्या माथ्यावर वर्तुळाकार भोंक पाडून तेथें पंखा बसविण्यास सुरुवात केली. देवमाशाच्या डोक्यावर श्वासाचें छिद्र असतें, त्यावरून या भोंकास 'ब्लोहोल' असें नांव मिळालें. त्याच साली अ‍ॅपल कंपनीचा निळसर, अर्धपारदर्शक 'आयमॅक' बाजारांत आला, आणि संगणक म्हणजे फिकट पिवळसर पत्र्याचा ठोकळाच असला पाहिजे असें नाहीं, हें लोकांच्या ध्यानांत आलें. भोंकाच्या जोडीला खिडकी आली, खिडकीमागून दिवे आले, दिव्यांमागून रंग आले.

हें सारें शक्य झालें त्याचें आणखी एक कारण आहे. १९९५ सालीं इंटेलनें 'एटीएक्स' नांवाची रचना ठरवून दिली. मदरबोर्डाचीं भोंकें कोठें असावीं, वीजपुरवठ्याचा डबा केवढा असावा, मागचीं तोंडें कोठें यावीं, हें तींत ठरलेलें आहे. आणि किरकोळ फेरफार सोडल्यास तीच रचना आजहि चालू आहे. त्यामुळें पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या धडधाकट एटीएक्स पेटींत आजचा मदरबोर्ड सहसा बसतो. पेटीवर घेतलेली मेहनत एका यंत्राबरोबर वायां जात नाहीं. वाड्याच्या भिंती राहाव्या व बिऱ्हाडें बदलावीं, तसा हा प्रकार आहे.

शोभेनें वाऱ्याशीं वैर धरलें तर

वारा आणि शोभा यांचें भांडण लागलें म्हणजे काय होतें, तें अ‍ॅपलच्याच इतिहासांत चांगलें पाहावयास मिळतें. दिसण्याची इतकी काळजी घेणारी दुसरी कंपनी क्वचितच असेल. १९८० सालीं तिनें 'अ‍ॅपल थ्री' हा संगणक काढला. त्यांत पंखा असूं नये, आवाज होऊं नये, असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. यंत्र आंतून तापे, शिवाय इतरहि दोष होते. पहिलीं हजारों यंत्रें कंपनीस बदलून द्यावीं लागलीं आणि १९८४ सालीं तें बंद झालें. २००० सालीं त्यांनीं 'क्यूब' काढला. हा आठ इंची चौकोनी ठोकळा स्वच्छ पारदर्शक आवरणांत जणू अधांतरीं ठेवलेला होता. त्यांतहि पंखा नव्हता. तापलेली हवा मधल्या पोकळींतून आपोआप वर जाई. रूपाची तारीफ सर्वांनीं केली, परंतु किंमत भारी व पुढें वाढण्यास जागा थोडी. जुलै २००१ मध्यें त्याचें उत्पादन थांबलें.

पुढें २०१३ सालीं काळ्या चकचकीत दंडगोलाच्या आकाराचा 'मॅक प्रो' आला. मध्यें तीन बाजूंचा धातूचा गाभा, तिन्ही बाजूंस उष्णता सारखी वांटली जाईल असा अंदाज, आणि वर एकच मोठा पंखा, अशी त्याची रचना होती. परंतु पुढल्या काळांतील ग्राफिक्स कार्डें एकाच जागीं भरमसाट उष्णता टाकूं लागलीं, आणि हा सुंदर दंडगोल तीं पेलूं शकेना. या आकारानें आपण उष्णतेच्या बाबतींत कोंडींत सांपडलों, अशी कबुली कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं २०१७ सालीं उघडपणें दिली. २०१९ सालीं नवा 'मॅक प्रो' निघाला, त्याचें दर्शनी अंग म्हणजे धातूंत कोरलेल्या गोलाकार खळग्यांची एकांत एक गुंतलेली जाळीच होती. वारा आंत घेणारी तीच जाळी, आणि लांबून ओळखूं येणारी शोभाहि तीच.

एकाच कंपनीचा हा चाळीस वर्षांचा अनुभव आम्हांस फार बोलका वाटतो. आधीं सुंदर आकार ठरविला आणि मग त्यांत वाऱ्याची सोय शोधली, कीं दोन्ही बिघडतात. आधीं वाऱ्याची वाट ठरविली आणि त्या वाटेलाच सुंदर केलें, तर दोन्ही साधतात. ही गोष्ट आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. जुन्या वाड्यांतील चौक, झरोके, लांकडी जाळ्यांच्या खिडक्या यांकडे आज आपण शोभा म्हणून पाहतों. पण त्या मुळांत उजेड-वाऱ्याच्या वाटाच होत्या. कारागिरानें आपली कला भिंतीवर न उधळतां त्या वाटांवर खर्च केली, एवढेंच.

आधीं मोजावें, मग कापावें

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. करवत हातीं घेण्यापूर्वीं चार दिवस नुसत्या नोंदीत घालवावे, असा आमचा आग्रह आहे. प्रोसेसरचें तपमान दाखविणारे 'एचडब्ल्यूइन्फो' किंवा 'कोअर टेंप' यांसारखे फुकट मिळणारे कार्यक्रम आहेत. लिनक्स वापरणाऱ्यांस 'एलएम-सेन्सर्स' आहे. भिंतीवर एक साधा तपमापक टांगावा. यंत्रास अर्धा तास सारखें जड काम द्यावें आणि प्रोसेसर व खोली यांच्या तपमानांतील अंतर वहींत टिपून ठेवावें. नुसतें प्रोसेसरचें तपमान टिपून उपयोग नाहीं; कारण पौषांतील ७० अंश व वैशाखांतील ७० अंश यांचा अर्थ एक नव्हे. हें काम घरांतील बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींकडे आनंदानें सोंपवावें.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. पेटीचें बाजूचें झांकण काढून तेंच काम पुन्हां द्यावें. अंतर पांच-सात अंशांनीं किंवा अधिक घटलें, तर पेटीचा श्वास कोंडलेला आहे, तिला वाट हवी. कांहींच फरक पडला नाहीं, तर दोष पेटीचा नव्हे. हीट सिंकमध्यें धूळ गच्च बसली असेल, किंवा तिच्या व प्रोसेसरच्या मधली थर्मल पेस्ट वाळून गेली असेल. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी, जुनी पेस्ट स्वच्छ पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी, आणि मग पुन्हां मोजावें. कित्येकांचें काम येथेंच संपतें, व एक पैचाहि पत्रा कापावा लागत नाहीं.

झांकण काढल्यानें यंत्र थंड होतें, तर तें कायमचेंच कां काढून ठेवूं नये, असें कोणी विचारील. तसें करूं नये. धूळ दुपटीनें बसते, लहान मुलांचीं बोटें फिरत्या पंख्यापर्यंत जातात, आणि पुढून मागें जाणारा वाऱ्याचा झोत तुटल्यामुळें हार्ड डिस्कसारखे कोपऱ्यांतील भाग उलट अधिक तापूं शकतात. शिवाय पत्र्याची पेटी विजेच्या लहरी आंतच राखण्याचेंहि काम करीत असते.

वाऱ्याची वाट

वाट एकच असावी आणि सरळ असावी: पुढून खालच्या अंगानें आंत, मागून वरच्या अंगानें बाहेर. गरम हवा आपोआप वर जाते हें खरें; परंतु पंख्याच्या जोरापुढें तो ओढा फार दुबळा असतो. पंखे एकमेकांविरुद्ध बसविलेले असले, तर केवळ निसर्गनियमाच्या भरंवशावर यंत्र थंड होत नाहीं. पंख्याची दिशा पाहण्यास उदबत्तीसारखें साधन नाहीं. पेटलेली उदबत्ती पेटीच्या पुढें वीतभर अंतरावर धरावी. धूर आंत ओढला जातो, बाहेर फेंकला जातो कीं नुसता घोटाळतो, हें डोळ्यांनीं दिसतें.

आंत घेणारे पंखे दोन व बाहेर टाकणारा एक, ही वांटणी आपल्या धुळीच्या देशांत उत्तम. आंत थोडा अधिक दाब राहिल्यानें हवा फटींतून बाहेर जाते, आंत शिरत नाहीं. आणि जी आंत येते ती गाळूनच येते. गाळणीसाठीं मच्छरदाणीचें कापड चौकटीवर ताणून पुढील पंख्यांसमोर बसवावें. बारीक धूळ त्यांतून थोडी निसटते, पण केस, कापूस व तंतू अडतात. ती गाळणी पंधरा दिवसांनीं धुतली पाहिजे; न धुतलेली गाळणी ही भिंतच होय.

पंखा मोठा घ्यावा आणि सावकाश फिरवावा. ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोनपट क्षेत्र १२० मिलिमीटरच्या पंख्याचें असतें. पंख्याची गति निम्मी केली तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनीं उतरतो व वीज आठवा हिस्सा लागते. दोन मोठे पंखे हळू फिरले, तर एका लहान पंख्याच्या किंकाळीपेक्षां अधिक वारा देतात आणि शेजारीं दुपारची झोंप घेणाऱ्या वृद्धांस त्यांची चाहूलहि लागत नाहीं.

पेटीची जागाहि पाहिली पाहिजे. बाजारांतील मेजांना संगणकासाठीं दारासह बंद खण केलेला असतो. त्यांत पेटी ठेवली, कीं बाहेर टाकलेली ऊन हवाच ती पुन्हां पुन्हां ओढते. त्या खणाची मागची फळी काढून टाकावी, व पेटी जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून तितकीच दूर ठेवावी. कूलरच्या ओल्या झोतासमोर ती ठेवूं नये. आणि कोंकणांतील दमट, खाऱ्या हवेंत कापलेल्या पत्र्याच्या कडा रंगविल्याशिवाय सोडूं नयेत.

पत्र्यावरील काम

सामान्य पेटीचा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहूनहि पातळ पोलादाचा असतो. जुन्या पेट्यांत पुढल्या पंख्याच्या जागीं पत्र्यालाच बारीक भोंकें ठोकलेलीं असतात, आणि तेथें जवळजवळ अर्धी जागा पत्राच अडवितो. हा भाग कापून काढून तारेची मोकळी जाळी बसविणें, ही सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी सुधारणा होय. पुष्कळ पेट्यांत हार्ड डिस्कांसाठीं पुढल्या बाजूस रिकामे पिंजरे रिव्हेटांनीं जडविलेले असतात. हल्लींच्या एसएसडीला तळहाताएवढीहि जागा लागत नाहीं. तेव्हां रिव्हेट ड्रिलनें काढून ते पिंजरे हलविले, तर वाऱ्यास मोकळें अंगण मिळतें.

कामाचा क्रम असा ठेवावा. पेटींतील एकूण एक भाग बाहेर काढून दुसऱ्या खोलींत ठेवावा. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डावर राहिला तरी तो सर्व जाळूं शकतो. कापावयाच्या जागेवर दोन्ही बाजूंनीं कागदी चिकटपट्टी लावून तीवर पेन्सिलीनें आंखणी करावी. १२० मिलिमीटरच्या पंख्यास साडेचार इंची, म्हणजे ११४ मिलिमीटरची होल सॉ चालते. त्याच्या चार स्क्रूंचीं भोंकें एकमेकांपासून १०५ मिलिमीटर अंतरावर येतात. होल सॉ नसेल तर धातूसाठींच्या बारीक दात्यांच्या पात्यानें जिगसॉ चालवावा. गति मंद ठेवावी, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे असावे. नंतर कानशीनें कडा गुळगुळीत करून त्यांवर रबरी पट्टी बसवावी, म्हणजे तारा कापत नाहींत व कंपहि कमी होतो. हीं हत्यारें घरीं नसल्यास कोणताहि चांगला फॅब्रिकेशनवाला आंखणीप्रमाणें कापून देईल. पंखे, जाळ्या व तारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत मिळतात.

तीन गोष्टी मात्र कटाक्षानें पाळाव्या. पहिली, वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास एसएमपीएस म्हणतात, तो घरीं कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि त्यांतील कपॅसिटरमध्यें ३०० व्होल्टांवर विद्युद्भार कांहीं वेळ राहूं शकतो. दुसरी, मदरबोर्डाचे खांब व एसएमपीएसचे स्क्रू जेथें पत्र्याला टेंकतात त्या जागा रंगवूं नयेत, कारण अर्थिंगची वाट तेथूनच जाते. आणि भिंतीवरील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हेंहि वायरमनकडून तपासून घ्यावें. तिसरी, मदरबोर्डावरील पंख्याची एक जोडणी साधारणपणें एक अँपिअरपर्यंतच झेपते. पंख्यावर छापलेला आंकडा पाहूनच एका जोडणीवर दोन पंखे लावावे.

शोभा कोठें असावी

एवढें झाल्यावर शोभेचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो, कारण सजवावयाची जागा वाऱ्यानेंच नेमून दिलेली असते. पुढील तोंडावर भोंकांची पितळी जाळी लावावी. पुण्याच्या बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या बाजारांत अशा जाळ्या मिळूं शकतात. जाळीचें पितळ चिंचेनें उजळलें म्हणजे देवघरांतील समईशीं नातें सांगतें. लांकडाची आवड असेल, तर सागवानाच्या १० मिलिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या मध्यें तितकेंच अंतर सोडून बसवाव्या. निम्मी जागा मोकळी राहते, आणि पट्ट्या पत्र्यापासून बोटभर पुढें ठेवल्या तर बाजूंनींहि हवा येते. फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीनें २०२२ सालीं लांकडी पट्ट्यांच्या तोंडाची 'नॉर्थ' नांवाची पेटी काढली व ती लोकांस फार आवडली. परंतु जुन्या कपाटाच्या उरलेल्या सागवानांतून आपला सुतार ती कल्पना सहज उतरवूं शकेल.

बाजूच्या बंद पत्र्यावर वाऱ्याचें कांहीं काम नसतें. तेथें रंगाची हौस मोकळेपणानें फेडावी. पत्रा पॉलिश कागदानें घांसून, प्रायमर देऊन, रंगाचे पातळ थर वाळवीत वाळवीत द्यावे. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनीं मुलींनीं वारली पद्धतीचें चित्र काढलें, तर बाजारांतील कोणत्याहि पेटीपेक्षां तें खुलून दिसेल. कांचेची खिडकीहि येथें चालेल. दर्शनी तोंडावर मात्र अखंड कांच लावण्याची जी पद्धत बाजारांत रूढ झाली आहे, ती पाहण्यास चकचकीत असली तरी आमच्या हवेस घातक आहे. ऐन उन्हाळ्यांत माणसाच्या तोंडावर शालजोडी गुंडाळण्यासारखेंच तें होय. दिव्यांविषयीं इतकेंच सांगतों, कीं ते थंडावा देत नाहींत. एखादी मंद पट्टी पुरे.

काम संपल्यावर वही पुन्हां काढावी, तेंच काम तितकाच वेळ देऊन पूर्वीचें व आतांचें अंतर शेजारीं शेजारीं लिहावें. अंतर घटलेलें दिसलें, तर मेहनत फळास आली. न घटलें, तर उदबत्ती घेऊन पुन्हां वाट शोधावी. चूक तेथेंच सांपडते.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. नवें यंत्र घेणें ज्यांस सहज परवडतें, त्यांसहि आमचें एक सांगणें आहे. एकत्र कुटुंबांत वस्तु टाकून देण्यापूर्वीं तिच्या दुखण्याची चौकशी करण्याची चाल होती. कल्हई उडाली म्हणून भांडें कोणी फेंकीत नसे, आणि वेत तुटला म्हणून खुर्ची अडगळींत जात नसे. संगणक आला तेव्हां ही चाल त्याला लागू नाहीं असें आपण उगीचच ठरवून टाकलें, कारण त्याच्या पोटांत काय आहे हें ठाऊक नव्हतें. ज्या मुलानें धुराची दिशा पाहून पंखा उलटा बसविला आहे हें ओळखलें, आणि ज्या मुलीनें वहींतले आंकडे मांडून वीस दिवसांत तपमान किती उतरलें हें आजोबांस दाखविलें, त्यांस आतां तें ठाऊक झालेलें असतें. पुढल्या वैशाखांत यंत्र मंदावलें, तर तीं मुलें प्रथम दुकानाचा रस्ता न धरतां स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेतील. पेटी किती थंड झाली व किती सुंदर दिसूं लागली, याच्या जोडीला हीहि जमेची बाजू धरावी, अशी वाचकांस आमची विनंति आहे.